उमरभाईंची गिऱ्हाइकं

“काका, तुमचा बुटांचा कारखाना नेमका कुठे आहे?”

काचेपलीकडच्या मुलीनं असं विचारलं तेव्हा उमरभाईंनी आधी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. पायांत चपला होत्या. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं खुर्च्यांच्या सात रांगांत शंभरेक माणसं मांडीवर फायली घेऊन बसली होती, दाताच्या डॉक्टरकडं बसतात तशी. त्यांच्यात कुणी कारखानदार असलाच तर तो पुढं येत नव्हता.

“कुनाचा कारखाना?”

“तुमचाच. तुम्ही लिहिलंय ना, फूटवेअर मॅन्युफॅक्चरर म्हणून. शॉप ॲक्ट, जीएसटी, काहीच जोडलेलं नाहीये.”

“बाई, मी नालबंद हाये.”

मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ‘श्रेया’ असं नाव होतं. तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं. कॉम्प्युटरलाही नालबंद माहीत नव्हता.

“म्हणजे?”

“बैलाच्या खुराला लोखंडाच्या पत्र्या मारतो. बेल्ह्याच्या बाजारात. चाळीस वर्सं झाली.”

घडलं होतं ते इतकंच. अर्ज भरला बेल्ह्याच्या अमृतनं. अमृतचं सायबर सेंटर सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं काढून देई. व्हिसाच्या अर्जात धंद्यांची एक यादी होती आणि त्यातला एक निवडल्याशिवाय अर्ज पुढचं पान उघडत नव्हता. अमृतनं नटांपासून दंतवैद्यांपर्यंत सगळे पाहिले. नालबंद नव्हता. “उमरचाचा, प्राणिसंग्रहालय चालवतो असं टाकू का?” त्यानं विचारलं. उमरभाई नको म्हणाले. वाघ विचारले तर कुठून आणायचे? मग पादत्राणांवर दोघांचं एकमत झालं. पायात घालायची वस्तू, ती हे बनवतात. खोटं कुठं होतं?

“वर्षाला किती जोड विकता?” श्रेयानं विचारलं. तो रकाना रिकामा होता.

उमरभाईंनी मनात हिशेब केला. बैलाच्या एका खुराला दोन पत्र्या, चार खुरांना आठ. “जोड म्हनाल तर… एका गिऱ्हाइकाला चार जोड.”

“एका गिऱ्हाइकाला चार?” शेजारच्या काउंटरवरच्या मुलानं मान वर करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता.

उमरभाई जिथं निघाले होते त्या देशाचं नाव ते कुणालाच सांगत नसत. नजर लागते. विचारलं की “भाईर” एवढंच म्हणायचे. भाईर त्यांची एकुलती एक मुलगी ताहेरा पाच वर्षांपासून नर्स होती. त्याच दवाखान्यात एक्स-रे काढणारा नगरकडचा परवेज तिला भेटला. मुलगा चांगला, घर चांगलं. दोघांना एकाच वेळी चार दिवसांची रजा मंजूर झाली होती, तीही ईदनंतर, मार्चच्या अखेरीला. चार दिवसांत इकडं येऊन, लग्न करून परत जाणं शक्य नव्हतं. म्हणून निकाह तिकडंच. ताहेराची आई सात वर्षांपूर्वी गेली. आता मुलीच्या बाजूनं उभं राहायला उमरभाई एकटेच, आणि त्यांच्यात आणि तिच्यात ही काच.

“बाई, ते बुटांचं खोडून नालबंद लिवता येईल का?”

“अर्ज सबमिट झालाय, काका. बदलायचा तर नवीन भरावा लागेल. पुढची अपॉइंटमेंट…” तिनं पाहिलं. “सहा एप्रिल.”

“तवर निकाह व्हऊन जातो.”

“हो ना.” तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

“मग तुमीच सायबाला तोंडी सांगा. म्हनावं, मानूस खरा हाये.”

“आम्ही काही सांगत नाही, काका. आम्ही फक्त कागद घेतो आणि पुढे पाठवतो. ठरवतात ते दिल्लीला.”

“मग मी दिल्लीला जातो.”

“तिथे कोणाला भेटता येत नाही.”

उमरभाईंच्या बाजारात अर्धमेला बैल विकायचा असला तरी मालक शेजारी उभा असतो. इथं तीन मजल्यांची काचेची इमारत होती, थंड हवा होती, दारावर दोन पहारेकरी होते. जास्तीचे पैसे भरणाऱ्यांसाठी मऊ कोचांची वेगळी खोली होती, आणि तिथं बसून कॉफी पिणाऱ्यालाही उत्तर देणारा माणूस भेटत नव्हता.

“एक करा,” श्रेया हळू आवाजात म्हणाली. “तुमच्या कामाचा काहीतरी पुरावा आणा. फोटो चालतील. सोबत एक पत्र लिहा. चार वाजेपर्यंत आणलंत तर मी जोडून देते.” मग तिनं आपली पाण्याची बाटली काचेखालच्या फटीतून पुढं सरकवली. “घ्या. घाम आलाय तुम्हाला.”

खाली फुटपाथवर हौशीराम दोघांच्या पिशव्या आणि उमरभाईंचा मोबाईल सांभाळत बसला होता. निमगाव सावाचा हा शेतकरी. शर्यतीची एक बैलजोडी बाळगून होता, आणि तिच्या खुरांना उमरभाईंशिवाय कुणाचा हात लागू देत नसे. त्याला वर सोडलं नव्हतं. पहारेकऱ्याला त्यानं तीनदा विचारून पाहिलं होतं, चौथ्यांदा त्याला भाकरी देऊ केली होती.

“झालं का?”

“माझा बुटांचा कारखाना सापडंना त्यांना.”

हौशीरामनं सगळं ऐकून घेतलं. “आयला, येवढंच व्हय! पुरावा पायजे ना? आज बाजार हाये राव. तुझा पुरावा चार पायावर हुबा आसंल तिथं.” त्यानं बाजारात गेणभाऊला फोन लावला. गेणभाऊ बैलांची ने-आण करणारा टेम्पोवाला. “गेणभाऊ, बाजारात फिर आन् दिसंल त्या बैलाच्या पायाचा फोटू काढ. तोंडाचा न्हाई रं, पायाचा! खुराचा! कशाला म्हंजे? इलायतेला पाठवायचाय.”

तासाभरात त्रेचाळीस फोटो आले. त्यांतल्या सहा फोटोंत गेणभाऊचा अंगठा होता. एकात पिंपरी पेंढारच्या बायडाबाई बैलाचा पाय उचलून धरून, आपल्याच पासपोर्टचा फोटो असल्यासारख्या समोर पाहत होत्या.

झेरॉक्सवाल्यानं सगळे छापले आणि दुकानाच्या काउंटरवर मांडले. दुकानात मुलांच्या दाखल्यांच्या प्रती काढायला आलेले दोन सुशिक्षित गृहस्थ जरा लांब सरकले.

उमरभाईंनी चष्मा लावला आणि एकेक कागद उचलायला सुरुवात केली. पहिला उजवीकडं ठेवला. दुसरा डावीकडं. तिसरा डावीकडं.

“ह्ये डावीकडं कशाला?” हौशीरामनं विचारलं.

“ह्ये माझे न्हाईत.”

“काय?”

“ह्यो बघ, खिळ्याचं टोक भाईर आलंय. माझा खिळा आत वळल्याला आसतो, हात फिरीवला तरी लागत न्हाई. आन् ह्ये? खूर न तासताच पत्री मारलीय. जनावर महिन्यात लंगडंल. कुनाचं हाये हे?”

“उमरभाई, बेल्ह्याचा बाजार हाये का ह्यो? तिथं कुनाला कळतंय खिळा आत हाये का भाईर?”

“मला कळतंय की.”

“आरं, जितकं जास्ती पाय तितका मोठा कारखाना! त्येंना मोठा कारखाना पायजे!”

“मंग दुसऱ्याचं पाय दाखवून जाऊ मुलीच्या निकाहाला?” उमरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “खाली सही करायचीय हौशा, वरचं समदं खरं हाये म्हनून. बुटांचं लिवलंय तेच लई झालं.”

हौशीराम पुटपुटला, झेरॉक्सवाल्याकडं पाहून त्यानं हात जोडले, आणि घड्याळ दाखवत राहिला. पावणेचारला उजवीकडं अकरा कागद होते. बायडाबाईंचा बैल त्यात नव्हता.

पत्र झेरॉक्सवाल्यानंच लिहून दिलं. त्यात त्यानं ‘आदरणीय महोदय’ पाच वेळा घातलं. उमरभाई तीन मजले चढून गेले. लिफ्टला रांग होती. श्रेयानं अकरा खूर एकेक करून स्कॅनरवर ठेवले. अकरावा ठेवताना ती थांबली. “काका, हे खूप छान बसलंय,” ती म्हणाली. त्या इमारतीत कुणी काही ठरवत नसताना एवढं एक मत तिथं नोंदवलं गेलं.

रोजे सुरू झाले त्याच्या चौथ्या दिवशी लिफाफा आला. अमृतनं तो कात्रीनं कापला. पासपोर्ट जसा गेला तसाच कोरा परत आला होता. सोबत दोन पानांचं इंग्रजी पत्र होतं. अमृतनं ते मनात वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं.

“मोठ्यानं वाच की.”

“ते म्हणत्यात, व्यवसायाचे फोटो मिळाले, पण गिऱ्हाइकांची ओळख पटेल असा कुठला कागद जोडलेला न्हाई.”

“गिऱ्हाइकांची?”

“हां. आन् तुमी आजवर कुठल्या देशात जाऊन परत आल्याचं दिसत न्हाई, म्हणून परत याल याची त्यांना खात्री वाटत न्हाई.”

“आरं, मी गेलोच न्हाई कुठं, तर परत येऊ कसा? न्हाई गेलो म्हंजे हितंच हाये ना मी?”

“तसंच हाय चाचा.”

“मग ते मला खोटा म्हंत्यात का?”

अमृतनं पुन्हा शोधलं. “न्हाई. खोटं न्हाई म्हणले. समाधान झालं न्हाई म्हणले.”

“समाधान कशानं व्हतं त्यांचं?”

अमृतनं पान उलटून पाहिलं. पाठीमागं काही नव्हतं.

तेवढ्यात उमरभाईंच्या मोबाईलवर संदेश आला. आमच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारलं होतं. पाण्याची बाटली आठवून त्यांनी अमृतला पाच द्यायला सांगितलं.

संध्याकाळी, इफ्तारनंतर, ताहेराचा फोन आला. ती रडली, मग चिडली. तुम्ही आल्याशिवाय निकाह नाहीच, म्हणाली. उमरभाईंनी तिला बोलू दिलं.

“बेटा, रजा मिली है ना?” ते म्हणाले. “रजा बार बार नहीं मिलती. तारीख मत हिलाओ.”

निकाह बाजाराच्या दिवशीच आला. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेचार, असं अमृतनं कागदावर लिहून दिलं होतं. उमरभाईंनी बेत आखला. तीनपर्यंत काम करायचं, घरी जाऊन अंघोळ, नवा पांढरा कुर्ता, अत्तर. मग खुर्चीत बसून फोन समोर धरायचा. शेजारचे लोक येणार होते, मिठाई आणून ठेवली होती.

पण तिकडच्या लोकांनी उन्हाळा येतोय म्हणून आदल्याच दिवशी आपली सगळी घड्याळं एक तास पुढं केली होती. असं करता येतं हे अमृतला माहीत नव्हतं. आता तिकडचे अकरा इकडच्या साडेतीनलाच वाजणार होते.

साडेतीन वाजले तरी उमरभाई बाजाराच्या कडेला, निंबाखालीच होते. शेवटचा बैल हौशीरामचाच होता. तो दोरानं आडवा पाडलेला, चारही पाय एकत्र बांधून टेकूवर ठेवलेले, डोक्यापाशी दोन गडी दाबून बसलेले. उमरभाईंच्या अंगात बनियन आणि कमरेला बांधलेलं पोतं होतं. त्यांनी पाच खिळे ओठांत धरले होते, सहावा ठोकत होते.

झाडाच्या खोडाशी ठेवलेला फोन वाजला. हौशीरामनं उचलला.

“उमरभाई… ह्ये लोकं बसल्यात रं. पांढऱ्या टोप्या दिसत्यात. आत्ताच हाये म्हंत्यात.”

उमरभाईंनी मान वर केली. बैल पाडलेला होता. अर्ध्यात सोडता येत नव्हता, तसा पडून ठेवताही येत नव्हता. पाच-दहा मिनिटांवर गेलं तर जनावर धापा टाकतं.

“धर हिकडं,” ते खुणेनंच म्हणाले.

हौशीरामनं फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर लाल दुपट्टा होता, पुढं झुकलेला. तिनं मान वर केली आणि पाहिलं, निंब, दोर, बैलाचं पोट आणि तिचे अब्बा. मागून काझीसाहेबांचा आवाज आला. लडकी के वालिद मौजूद हैं? इजाज़त है?

भोवती उभ्या शेतकऱ्यांपैकी कुणीतरी खांद्यावरचं उपरणं काढून उमरभाईंच्या डोक्यावर टाकलं.

उमरभाईंनी ओठांतले पाचही खिळे एकेक करून काढले, डाव्या तळहातावर ठेवले आणि मूठ मिटली.

“मौजूद हूं,” ते म्हणाले. “इजाज़त है.”

पलीकडं माणसं हलली, कुणीतरी दुआ म्हणू लागलं. दुआ संपेपर्यंत उमरभाई मूठ तशीच धरून बसले. मग “आमीन” म्हणाले, खिळे परत ओठांत धरले, आणि बैलाच्या खुरावरून एकदा अंगठा फिरवून पाहिला.