दाबायचं नाही

साऱ्या गावाचे मुरगळलेले पाय आणि लचकलेल्या पाठी सरळ करणाऱ्या कॉन्सोर्सियाचा स्वतःचा डावा हात भोपळ्यासारखा सुजला होता, आणि ती त्याला कुणाला बोट लावू देत नव्हती.

किडन्या थकलेल्या, उजव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी कामातून गेलेली. म्हणून इलोइलोच्या डॉक्टरांनी डाव्या हातात कातडीखाली प्लास्टिकची नळी रक्तवाहिन्यांना जोडून दिली. ही बुजली तर पुढची जागा कुठली, ते त्यांनाही सांगता येईना. सूज येणार, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. परकी वस्तू आत शिरली की अंग चिडतं. ताप आला, पू दिसला तर पळत या, नाहीतर हात उंच ठेवा, आणि दाबू तर मुळीच नका. कालच नर्सनं हात तपासून तेच सांगितलं होतं.

पण गाव ऐकतंय थोडंच! मावसबहीण तेओदोरा, तीही मालिशवालीच, कोमट खोबरेल आणि केळीचं पान घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत आली. मागून चार बायका. सूज म्हणजे अडलेलं रक्त, दाबलं की वाहतं, हे कॉन्सोर्सियाचंच जन्मभराचं वाक्य त्यांनी तिच्या तोंडावर मारलं.

"मानांग, स्वतःच्या विद्येवरचा विश्वास उडाला म्हण की," तेओदोरा थोरल्या बहिणीला म्हणाली. "मग आमच्या पोरांचे पाय कशाला दाबत होतीस?"

हे मात्र झोंबलं. हात पुढे केला की नाव राहत होतं आणि जीव जात होता. क्षणभर करावासाही वाटला, इतका तिला राग आला होता.

तिनं तेओदोराचं बोट धरून नळीवर अलगद टेकवलं. कातडीखाली रक्त मांडीवरच्या मांजरासारखं गुरगुरत होतं. तेओदोरानं बोट काढलं नाही.

"चालू आहे ती," कॉन्सोर्सिया म्हणाली. "अंगाला अजून पटली नाही, एवढंच. ही लुर्देस सून होऊन आली तेव्हा मी वर्षभर धुसफुसत होतेच की. म्हणून तिला कुणी दाबून बाहेर काढलं का?"

"वर्षभर कसलं, अजून धुसफुसता, नानाय," लुर्देस चुलीपाशी म्हणाली.

"म्हणजे तुझी विद्या खोटी," तेओदोरा अडून बसली.

"हाडामासाला ती खरीच आहे. प्लास्टिकचं मला आईनं शिकवलं नव्हतं." कॉन्सोर्सियानं उजव्या हातानं तेलाची वाटी ओढली. "आता तो गुडघा इकडे कर. आणि ओरडायचं तर या चौघींसमोर ओरड."

तेओदोरा ओरडली. जाताना मात्र ती लंगडत नव्हती.