पोटात दुपट्टा घेतलेली थैली

मित्रांनो, मी एक जुनी, चामड्याची शिकारीची थैली आहे. म्हणजे लोक तसं समजतात बरं का! खरं सांगायचं तर मी जन्मापासूनच जुनी दिसते. माझा जन्म २००४ सालचा, आमगावचा.

झालं असं, की आमगावजवळच्या एका खेड्यातले शेतकरी ग्यानीराम पटले वारले. त्यांच्याकडे आजोबांची एक थैली होती, जंगलात शिकार चालायची त्या काळातली. दर दसऱ्याला ती पूजेत मांडायचे. ओमेश्वर आणि तिलक या दोघा मुलांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, गुण्यागोविंदानं वाटून घेतली, आणि थैलीवर येऊन अडले. बाबांची थैली दोघांनाही हवी! बोलणंच बंद झालं. एकाच अंगणात एकमेकांकडे पाठ करून दात घासायचे, बोला आता!

त्यांची आई तुलसाबाई वैतागली. जुनी थैली घेऊन ती आमगावला खुशाल नावाच्या चामड्याच्या कारागिराकडे आली.

"अशीच दुसरी बनवून दे, भाऊ. पोराईले फरक दिसला नाई पायजे. यंदाचा दसरा मले दोघांच्याई संग करायचा आहे."

खुशालनं चामडं भिजवलं, जुनीवरून माप घेऊन कापलं, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं. मोहाच्या बियांचं तेल चोळून चोळून मला काळपट केलं. जुनीला एक ठिगळ होतं. तेही त्यानं मला लावलं. अंगाला एक भोक नाही आणि ठिगळ! मी काय लाजले म्हणून सांगू!

ओलं चामडं वाळताना चपटं होऊ नये म्हणून थैलीच्या पोटात कापड कोंबतात. तुलसाबाईनं ग्यानीरामांचा खांद्यावरचा जुना दुपट्टा आणून दिला. त्याच्या पदरात ते तंबाखू बांधायचे. मी वाळेपर्यंत तो माझ्या पोटात होता.

दसऱ्याला तुलसाबाईनं आम्हा दोघींना पाटावर मांडलं. "एक जुनी, एक नवी. घ्या एकेक, अन् मिटवा भांडण."

"पण बाबाची कोणती?" ओमेश्वर म्हणाला. दोघांनी दोन्ही थैल्या हुंगल्या आणि एकदमच मला धरलं.

"हेच! बाबाच्या तंबाखूचा वास येऊन राहिला!"

दोन्हीकडून पट्टा ताणला. अगं आई गं! माझी नवी शिवण उसवायला आली.

तुलसाबाई हसायला लागली आणि हसता हसता रडली. "अरे, ते नवी आहे! तुमच्या बाबाचा दुपट्टा कोंबला होता तिच्यात."

तिलकनं पुन्हा माझ्यात नाक घातलं. मग पट्टा सोडला.

"दादा, तू घे."

"कायले? तूच घे."

घ्या! आता मला कोणीच नेईना!

शेवटी दर दसऱ्याला अदलाबदल करायची ठरली. आता ज्याच्याकडे जी असेल, तो तिला तेल लावतो, आपट्याची पानं भरतो आणि भावाच्या दारी जातो.

मित्रांनो, चामड्याला तेलाचा हात मिळाला नाही तर ते आखडतं, तडकतं. माणसंही आखडतात. तेव्हा आधी आपण बोलावं.

एवढ्या वर्षांत तंबाखूचा वास कधीच उडून गेला. तरी दसऱ्याला दोघं भाऊ आधी माझ्यात नाक घालतात आणि एकमेकांना सांगतात, "येते अजून."

मीही काही बोलत नाही.