संदर्भसूचीतला पंखा

सुनेचा पीएचडीचा विषय होता घरातले आवाज आणि झोप. प्रबंध होत आला होता, आणि जमवलेले ढीगभर संदर्भ सांभाळायला तिने संगणकावर एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. लेख उघडायचा, कोपऱ्यातलं बटण दाबायचं. लेखकाचं नाव, साल, मथळा, सगळं आपोआप टिपलं जायचं. लिहिताना नुसतं आडनाव आणि साल टाकलं की संदर्भ हात जोडून हजर.

त्याच संगणकावर सासरेही बसत. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस. घरी मोजायला काही उरलं नव्हतं. ते बटण दिसलं आणि त्यांचा जीवच जडला. गुडघ्याचं तेल, कुकरचं झाकण, कुणाचीतरी जाडजूड मांजर, दिसेल त्यावर टिचकी! एका दुकानाच्या साइटवर स्वतः लिहिलेला पंख्याचा अभिप्रायही त्यांनी मोठ्या कौतुकाने जपून ठेवला. सुनेला पत्ताच नाही.

मग एक दिवस मार्गदर्शक बाईंनी तिला बोलावलं.

"आवाजाने गाढ झोप मोडते हे आधीच सिद्ध झालंय, असं लिहिलंयस. कोणी सिद्ध केलं?"

"मीच, मॅडम. माझा गेल्या वर्षीचा लेख."

"मग सूचीत हे काय आहे?" बाईंनी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचलं, "'पंखा रेड्यासारखा डुरकतो. दचकून जाग येते, आणि आपण उठलो की लबाड लगेच गप्प! कोणीही घेऊ नये.'"

सुनेने सूचीत डोकावून पाहिलं. आडनाव एक, सालही एक. सॉफ्टवेअरने तिचा लेख सोडून सासरे उचलले होते. तेही एकदा नाही, जिथे जिथे तिने स्वतःचा दाखला दिला होता तिथे तिथे. अर्धा प्रबंध पंख्याला लटकला होता!

"आजच दुरुस्त करते, मॅडम."

"करशीलच गं. पण माणूस जागा झाला की थांबणारा आवाज मी अजून ऐकलेला नाही. जाताना आवाज मोजायचा मीटर घेऊन जा."

घरी हे कळल्यावर सासऱ्यांची छाती फुगली आणि लगेच बसलीही. "म्हणजे माझा दाखला दिलास, आणि आता काढणार?"

"बाबा, ते संशोधन नव्हतं, तक्रार होती."

"अनुभव होता! तुझे प्राध्यापक दुसऱ्यांना झोपवून लिहितात, मी स्वतः झोपून लिहिलंय."

दुपारी जेवून ते आडवे झाले. सुनेने उशाशी मीटर ठेवला. थोड्याच वेळात खोलीत असा काही डुरकण्याचा आवाज घुमला की मीटरचा काटा पार टोकाला गेला. तिने हळूच पंखा बंद केला. पाती मंदावली, थांबली. डुरकणं काही थांबेना. उलट रंगातच आलं. शेवटी एक प्रचंड फुरफुराट झाला आणि सासरे ताडकन उठून बसले.

"ऐकलंस? आणि बघ, आता कसा गप्प!"

सुनेने वर बोट दाखवलं. सासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग मीटरकडे. त्यांचा चेहरा पाहून तिने ओठ दाबून धरले.

दारात कपड्यांच्या घड्या घालत सासूबाई उभ्या होत्या. "मी त्या बिचाऱ्या पंख्याला कधी नावं ठेवली का?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"रोज बोलत होते. तुम्ही घोरत होतात."

सुनेला हसू आवरेना. हसत हसतच तिने संगणकावर सासऱ्यांचं खातं वेगळं केलं आणि चुकलेले सगळे दाखले एकेक करून सुधारले. पुढे प्रबंध विनातक्रार मंजूर झाला.

सासऱ्यांनी मात्र घोरणं उघडं पडलं त्याच संध्याकाळी अभिप्राय बदलला: 'पंखा उत्तम. वारा भरपूर.' त्याखाली कुणीतरी विचारलं, 'आणि आवाजाचं काय झालं?'

बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'आवाज घरचाच निघाला.'