शेऱ्याचा रकाना

वृद्धाश्रमांसाठी तिच्या कंपनीने बनवलेल्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता. आठ वर्षांपूर्वी तिनेच तो घातला होता. परिचारिकांना जे सुचेल ते त्यात लिहिता यावं, एवढाच हेतू. आता तो काढून झोप, जेवण, औषध असे वेगवेगळे रकाने करायचं ठरलं होतं.

“त्या शेऱ्यातून धड एक अहवाल निघत नाही,” साहेब म्हणाले. “शुक्रवारी उरकून टाक.”

“काही बिघडलं तर शनिवार-रविवार आश्रमांचे फोन तुम्ही घेणार असाल, तर माझी ना नाही.”

साहेबांनी मुकाट्याने गुरुवार केला.

तिने आधी बॅकअप घेतला, मग जुना मजकूर नव्या रकान्यांत वाटणारी स्क्रिप्ट चाचणीच्या सर्व्हरवर चालवली. लाखभर नोंदी बिनबोभाट बसल्या. दोनशे अकरा कुठेच बसेनात, म्हणून त्या ती एकेक वाचू लागली. ‘आज स्वतः केस विंचरले.’ ‘गाणं म्हणाल्या, शब्द विसरल्या, हसल्या.’ वाचताना तिलाही हसू येत होतं. मग खोली क्रमांक चौदा आली.

दोन वर्षांपूर्वी गेलेले तिचे बाबा शेवटचे सात महिने त्या खोलीत होते. आश्रम कामामुळे माहितीतला, म्हणून तिने तिथेच ठेवलं होतं.

‘आजोबा सकाळपासून मुलीची वाट पाहत आहेत. नवा शर्ट मागून घेऊन घातला. फोन केला, ती कामात होती. उद्या येईल असं त्यांना सांगितलं.’

तारीख ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची होती. तो फोन तिला लख्ख आठवला. “तातडीचं नाही ना?” असं तिने विचारलं होतं.

ती साहेबांकडे गेली. “दोनशे अकरा नोंदी बसत नाहीत.”

“लाखात दोनशे म्हणजे दर्यात खसखस. सोडून दे.”

“त्यातली एक माझ्या बाबांची आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. “तेवढी तू उतरवून घे ना.”

“आणि बाकीच्यांचं? घरच्यांना शेरा दिसू नये, अशी सोय मीच करून ठेवलीय. कुणीच काही वाचलेलं नाही.”

शेवटी त्या नोंदींसाठी डेटाबेसमध्ये वेगळं टेबल करायचं आणि त्या घरच्यांना दाखवायच्या का, हे आश्रमांना विचारायचं ठरलं. गुरुवारी तिने खऱ्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली. आठ मिनिटांत रकाना नाहीसा झाला, कुठे काही अडलं नाही.

शनिवारी ती आश्रमात गेली. नोंद लिहिणारी सिस्टर अजून तिथेच होती.

“बाबा नवा शर्ट घालून बसलेत, एवढं तरी मला फोनवर सांगायचं होतं, सिस्टर.”

“सांगणारच होते, ताई. पण तुम्ही घाईत वाटलात. म्हटलं, निदान लिहून ठेवावं.”

“कोणता शर्ट?”

“निळा, चौकड्यांचा. बटणं वरखाली लागली होती. मी नीट लावायला गेले तर म्हणाले, राहू दे, ती आली की लावेल.”

सिस्टरने खुर्ची पुढे केली. ती बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.