मे महिन्यातलं पाणी

जपानच्या व्हिसाच्या कागदांत एक तक्ता असतो. कोणत्या तारखेला कुठे जाणार, कुठे मुक्काम करणार, सगळं लिहून द्यायचं. मला असले तक्ते भरायला फार आवडतं. मास्तरीण आहे मी. सौंसरच्या शाळेत अठरा वर्षं वेळापत्रकंच करते आहे. ओकिनावाचे आठ दिवस मी दिवाळीपासून आखत होते. मेचा पहिला आठवडा धरला, कारण शाळेला सुट्टी आणि मेच्या मध्यावर त्या बेटांवर पाऊस लागतो. जुना किल्ला, मोठं मत्स्यालय, दोन दिवस नुसता समुद्र. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही शाळेच्या सहलीत, पन्नास पोरं मोजता मोजता.

दिवाळीला सासरी, बोरगावला गेलो तेव्हा वीरेंद्र, माझा नवरा, उत्साहाच्या भरात वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्हीपण चला ना!"

मामाजी, म्हणजे माझे सासरे भिवाजी, बाहत्तर वर्षांचे. सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. मला वाटलं, हसून उडवून लावतील. पण ते सुपारी कातरायचे थांबले आणि म्हणाले, "तिकडे संत्रं होते का?"

मी फोनवर दाखवलं. तिथल्या डोंगरांत लिंबाएवढी, हिरवी, आंबट संत्री होतात. मामाजींनी तो फोटो बोटाने मोठा करून करून पाहिला.

"कलम कोणत्या खुंटावर बांधतात?"

आता हे मला काय ठाऊक! मी पांढुर्ण्याच्या कापड दुकानदाराची लेक. संत्रं मला सोलायचं तेवढं माहीत.

"आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतो," ते म्हणाले. "ते लोक कायवर बांधतात, पाहा लागन."

पुढच्या महिन्यात ते एकटेच छिंदवाड्याला जाऊन पासपोर्टचं काम करून आले. पासपोर्ट घरी आला तेव्हा फोटोतला आपला चेहरा पाहून म्हणाले, "चोरावानी दिसून राहिलो." खूश होते.

मग जानेवारीत माझी मैत्रीण तेजस्विनी आणि तिचा नवरा अभिजीत आमच्यासोबत येणार असं ठरलं. नागपूरची माणसं, दोनदा परदेशी जाऊन आलेली. त्यांच्या घरी आम्ही एकदा मामाजींना घेऊन जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मामाजी गॅलरीत गेले आणि त्यांनी चौथ्या मजल्यावरून खाली खळखळून चूळ टाकली. खाली कुणाची तरी स्कूटर होती. तेजस्विनी नुसती हसली. ते हसू मला अजून टोचत होतं. विमानात ढेकर, हॉटेलात बशीतून फुर्रकन चहा, तोंडात तंबाखूचा खर्रा, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

संक्रांतीला मामाजी सौंसरला आले. वीरेंद्र बाहेर गेला होता. तिळगूळ तोंडात टाकून त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढला. "माह्ये कागद तुह्याजवळच ठेव, बाई."

मी चहा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मामाजी, सत्तरच्या वरच्यांना आता जपानचा व्हिसा देत नाहीत. नवा नियम निघाला."

असा कुठलाही नियम नाही. इतकं सरळ खोटं मी पहिलीतल्या पोराशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

"असं का?" ते म्हणाले. चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायले. "सरकारचा नियम आहे, तर आहे." पासपोर्ट परत पिशवीत गेला.

वीरेंद्रला मी सांगितलं, बाबांनाच यायचं नाही. त्याने लगेच फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, "हो गं. म्हणतात, मे महिन्यात बागेला पाणी कोण देईल." नियमाचा त्यांनी शब्दही काढला नव्हता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला नुसतं हायसं वाटलं. आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत, त्या दगडफेकीच्या जत्रेत, जाम नदीवर दगड मारणारा निदान समोर उभा राहून मारतो. मी हातात चहा देऊन मारला होता.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही बोरगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागा पांढऱ्या फुलांनी लदबदल्या होत्या. वास असा की गाडीची काच बंद करावीशी वाटेना. वीरेंद्र गावातच कुणाशी बोलत थांबला आणि मी पुढे बागेत गेले. आमच्या बागेत वासच नव्हता. झाडं हिरवीगार, तब्येतीने उत्तम, पण फुलं कुठे चार, कुठे दोन.

धुऱ्याच्या बांधावर शेजारचे गुणवंता काका उभे होते. मी विचारलं, "झाडांना काही रोग लागला का?"

"रोग कायचा? तुमचं जपान लागलं," ते म्हणाले. "भिवाजीनं औंदा आंबिया बहार धरलाच नाही."

मग त्यांनी मला, लहान पोरीला सांगावं तसं, समजावलं. डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण बसतो आणि आता फूल येतं. पण हा बहार धरला की सगळा उन्हाळा बागेला पाणी देत बसावं लागतं. एक दिवस हलता येत नाही. म्हणून मामाजींनी डिसेंबरात पाणी चालूच ठेवलं. पावसाळ्यातला मृग बहार घ्यायचं ठरवलं. त्याचा ताण एप्रिल-मेमध्ये असतो. तेव्हा बागेला पाणी द्यायचंच नसतं, म्हणजे माणूस मोकळा.

"तीस वर्षांत पहिल्यांदा आंबिया सोडला त्यानं," गुणवंता काका म्हणाले. "अन् आता मले म्हणते, मी नाही जाऊन राहिलो, मे महिन्यात पाणी कोण देईन! ताणावरच्या बागेले पाणी! येडा समजते का मले?"

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मामाजी विहिरीजवळ कलमाच्या चाकूला धार लावत बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"मामाजी, तसा काही नियम नाही. मी खोटं बोलले."

"मालूम आहे," ते चाकूवरची नजर न काढता म्हणाले. "त्याच दिवशी सौंसरच्या ऑनलाइन फॉर्मवाल्याले विचारलं होतं. तो म्हणे, शंभर वर्षाचा म्हाताराबी जाऊ शकते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुले माही लाज वाटते, हे तुह्याच तोंडून ऐकू?"

मी रडतच म्हटलं, "तुम्ही चला. अजून वेळ आहे. वीरेंद्रला मी सगळं खरं सांगते."

"कायले? तुम्हाले दोघाले एका घरात राहा लागते." त्यांनी अंगठ्यावर धार पाहिली. "मी त्याले सांगतलं, मलेच नाही जमत. आता आलो तर तो विचारनच ना, आधी काहून नाही म्हटलं? जाऊ दे."

आणि खरं सांगते, त्या 'जाऊ दे'ने मला एक क्षण पुन्हा हायसं वाटलं. त्या खोट्यापेक्षा मला ह्याची लाज जास्त वाटते.

"तेवढं खुंटाचं विचारजो तिथं," मामाजी म्हणाले. "अन् झाडाचा बुडातून फोटो काढजो. वरून नाही समजत."

मी मान हलवली. डोळे पुसून विचारलं, "तिथून फोन केला तर चालेल? आपल्याकडे तेव्हा दुपार असेल. तुम्ही कामात असाल."

"केव्हाबी लावजो," मामाजी म्हणाले. "मे महिन्यात मले काहीच काम नाही."