उन्हाला न भुललेला पापुद्रा

मी एक जुना पापुद्रा आहे, मित्रांनो. पोळीचा नव्हे, कांद्याचाही नव्हे. व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साईडचा. तांदळाच्या एका दाण्याचे हजार पदर काढा, त्यातला एक उचला. तोही माझ्यापुढे घोंगडी वाटेल. मी इतका पातळ, की एकदा माझ्यावर माशी बसली आणि सांगून गेली, इथे तर कोणीच नाही!

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कॉलेजात, ऐंशी सालानंतरचा. भौतिकशास्त्राच्या निर्मलाबाईंनी काचेच्या मोठ्या हंडीतली हवा पंपाने उपसली, आत जांभळा उजेड पेटवला आणि धातूचे कण उडवून नीलमण्याच्या पारदर्शक चकतीवर मला बसवले. आमच्या कुळाचा गुण मोठा गमतीचा. थंड असलो की आम्ही विजेला अडवतो. ठरावीक ऊब मिळाली की क्षणात धातू होऊन तिला वाट देतो. सेकंदाला अब्जावधी हेलकावे घेणाऱ्या लहरीच्या तारेवर आम्हाला बसवा. गार असताना लहर पुढे जाते. शेजारच्या छोट्या हीटरने तापवा, लहर आमच्यातूनच जमिनीत उतरते. म्हणजे आम्ही बटणच, फक्त खटका नसलेले.

पण माझ्या थोरल्या भावाने घात केला. तो शुद्ध ऑक्साईडचा. पाण्याला उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तो पालटायचा. आणि भंडाऱ्याचा मे महिना! कॉलेजच्या पत्र्यावर कावळा उतरला तर कोणत्याच पायावर उभा राहत नसे. उन्हातही काम जमते का, ते बघायला त्या पत्र्यावर काळ्या डब्यात भाऊ बसला आणि कोणी हीटर लावण्याआधीच उन्हाने धातू झाला.

तेव्हा ही हंडी कॉलेजला देणाऱ्या नागपूरच्या संस्थेचे वासुदेवराव म्हणाले, "मॅडम, असली कामं एसीच्या खोलीत होतात. पुढच्या वेळीही असंच झालं, तर हंडी आम्ही नागपूरला नेऊ."

हंडी गेली असती तर निर्मलाबाईंचे काम तिथेच थांबले असते. म्हणून माझ्या वेळी त्यांनी व्हॅनेडियममध्ये जर्मेनियमचा अगदी लहानसा अंश मिसळला. त्याने माझा पालटण्याचा बिंदू वर सरकला. "ऊन कितीही चिडो, तू चिडू नकोस," असे त्या मला म्हणाल्या. खरेच म्हणाल्या! हंडीत हवा नव्हती, तरी मला ऐकू आले.

परीक्षेचा दिवस उजाडला. मी पत्र्यावर, काळ्या डब्यात. तारा खाली खोलीत, मीटरकडे. दुपारी सगळे जेवायला बसले. जेवणाचा डबा आणला होता आंधळगावहून आलेल्या गिरजाबाईंनी, म्हणजे निर्मलाबाईंच्या सासूबाईंनी. सुनेचे काम बघावे म्हणून त्या शिडी चढून वर आल्या आणि मला बघून कळवळल्या.

"काहून गा, तुले इथं एकट्यालेच टाकलं? पाय पोळून राहिले माहे, तुयं काय होत असन!"

झाले! त्यांनी गोणपाटाचे पोते बादलीत बुडवले आणि माझ्या डब्याभोवती गुंडाळले, जसे घरी माठाभोवती गुंडाळत. मित्रांनो, काय तो गारवा! पण परीक्षेत मला गारवा नको होता. ओरडावे तर तोंड नाही.

खाली वासुदेवराव मीटरपुढे बसले. काटा ताठ उभा, म्हणजे लहर पुढे पोचत होती. "वा! उन्हात टिकली की फिल्म. आता हीटर लावा."

हीटर लागला. काटा हलेना. पोत्याचे पाणी सगळी ऊब पिऊन टाकत होते.

"अजून वाढवा."

वाढवला. काटा तसाच.

"तुमचं जर्मेनियम जास्त झालं, मॅडम. आधीची उन्हात पालटायची, ही कशातच पालटत नाही." असे म्हणून ते उठले आणि हंडीच्या पंपाची नळी कुठून सुटते ते बघू लागले. निर्मलाबाई काटा बघत उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

खाली आलेल्या गिरजाबाईंना तो चेहरा पाहवेना. "रडू नको वं बाई. वरचं लेकरू मजेत आहे. ओला पोता गुंडाळला ना त्याले मी!"

मग निर्मलाबाई हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले.

"चला, पोतं काढू आणि हीटर लावू," वासुदेवराव म्हणाले.

"नाही सर," निर्मलाबाई म्हणाल्या. "आधी काटा टिकला तोही पोत्यामुळेच. ते पास होणं खरं नाही. हीटर बंद करू, डबा उन्हात कोरडा होऊ दे. मग पहिल्यापासून बघू."

"त्यात हरलात तर?"

"तर हंडी न्या."

पोते निघाले. ऊन माझ्यावर तुटून पडले. सूर्य इतका खाली आला होता, की त्याच्या मिशा मला दिसत होत्या. भावाचा बिंदू आला, मागे पडला. अंगातला एकेक अणू उठायला बघत होता. जर्मेनियम त्यांना दटावत होते, बसा रे, अजून वेळ आहे! खाली काटा ताठ.

मग हीटर लागला. मी पालटलो. काटा आडवा!

"पडला नं वं!" गिरजाबाई घाबरल्या.

"पडायलाच पाहिजे होता, आई!"

वासुदेवरावांनी नळी हातातून सोडली. "हंडी राहू द्या इथंच. आणि पुढची फिल्म करा, मला बघायची आहे."

संध्याकाळी गिरजाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "याले काय लागते, ते तं सांग मले," त्यांनी सुनेला विचारले. निर्मलाबाईंनी सगळे समजावून सांगितले. त्यातले त्यांना किती कळले, देव जाणे. पण तेव्हापासून मी पत्र्यावर असलो, की त्या शिडीपाशी बसून राहत आणि कोणी सावली धरायला आले तर त्याला हाकलून देत.

आता माझ्याहून गुणी पापुद्रे आले आहेत. मी कपाटात, कापसात पडून आहे. तक्रार नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: वस्तूवर माया करा, भरपूर करा. पण तिच्या अंगावर हात फिरवण्याआधी, तिला काय लागते ते एकदा विचारा. आम्हाला तोंड नसते. कोणी विचारले तर मात्र आम्ही काट्याने का होईना, उत्तर देतो.