शेवटचा तीन

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो; इतकी जुनी, की माझी जन्मतारीख कुणालाच काढता येणार नाही. ७३९३९१३३ हे माझं रूप. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. माझे दोन्ही शेजारी सम, दोनाने सहज भागले जाणारे. मी मात्र मूळ संख्या. एक आणि मी स्वतः, यांखेरीज कुणालाच मला पूर्ण भाग देता येत नाही.

युगानुयुगं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग पिशोरच्या एका शाळेत पुंडलिक सरांनी मला फळ्यावर मांडलं. वर्गात उशिरा येणाऱ्याने मला भागून दाखवायचं, अशी त्यांची रीतच होती.

"सर, सत्तेचाळीसनं गेला भाग!" नोमान एकदा ओरडला.

"बाकी?"

"दोनच ऱ्हायले. लई थोडं हाय सर, सोडून द्या ना!"

"तुझ्या ताटातली दोन भजी सोडशील?"

"नाय सर."

वर्ग हसला. मीही हसले.

गेल्या वर्षी सर वारले. त्यांची मुलगी मनस्विनी संभाजीनगरहून आली, ती मला नव्या वर्गाच्या भिंतीवर रंगवून घ्यायला. वडिलांचं म्हणून शाळेत आता एवढंच राहणार होतं. फारूखभाई पेंटरांचा हात सुरेख, पण मोजपट्टीशी वैर. सात आकडे थाटात उमटले आणि खिडकी आली. शेवटच्या तीनला जागाच उरली नाही.

"एकच तर राहिला, ताई. किसको समझेगा?"

"पुसून टाका, फारूखभाई. ही बाबांची संख्या नाही. चुकीची ठेवण्यापेक्षा भिंत कोरी बरी."

फारूखभाई रॉकेलचा बोळा घेऊन आले. तेवढ्यात आठवीतली कहकशा म्हणाली, "थांबा की! आता तरी हिला भाग जात असंल. बघू या!"

दोन हजार सातशे एकोणीसपर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे होतं. त्या जवळजवळ चारशे. चाळीस पोरांनी त्या वाटून घेतल्या. फारूखभाई बोळा धरून ताटकळले. भाग कुणाचाच गेला नाही.

"अजून एक झाका!" पोरं ओरडली.

कहकशाने शेवटच्या आकड्यावर वही आडवी धरली. ७३९३९१. नाही. ७३९३९. नाही. पोरं आता बाकावर चढली होती. ७३९३, ७३९, ७३ आणि उरला सात. सगळ्या मूळ!

"बाबा हे कधी बोलले नाहीत," मनस्विनी हसत म्हणाली.

"आमच्यासाठी ठेवलं असंल, ताई," कहकशा म्हणाली.

"मग पुसू का नको?" फारूखभाईंनी विचारलं.

मनस्विनीने त्यांच्या हातातला बोळा काढून घेतला.

मित्रांनो, उजवीकडून कितीही आकडे काढा, उरते ती मूळच, अशा संख्यांत माझ्याहून मोठी दुसरी नाही. याचा मला थोडा गर्व आहे. तरी एक विनंती. कुणाचा एखादा आकडा गळाला, तर उरलेल्याला घाईने मोडकं म्हणू नका. आधी नीट भागून पाहा. आणि भिंतीला हात लावू नका. रंग अजून ओला आहे.